शेजाऱ्याचा राग आणि घराचा ताबा

भाड्याच्या घरात राहणाऱ्याचे शेजाऱ्याशी बिनसले, की ते भांडण दोघांपुरते उरत नाही. स्वतःच्या मालकीच्या घरांत राहणारे दोन शेजारी वर्षानुवर्षे अबोला धरतात, जिन्यात समोर आले तर मान फिरवतात, गणपतीच्या वर्गणीवरून एकमेकांची उणीदुणी काढतात. घर मात्र कोणाचेच जात नाही. भाडेकरूशी भांडणाऱ्याच्या हाती एक सोपा मार्ग असतो. तो मालकाला फोन करतो. मालक दुसऱ्या उपनगरात, दुसऱ्या शहरात, कधी परदेशात असतो आणि त्याला रोजची कटकट नको असते. दोन-तीन फोन झाले की भाडेकरूला निरोप येतो, ‘तुमच्याबद्दल फार तक्रारी येताहेत, महिनाअखेर दुसरीकडे बघा.’ तक्रार खरी की खोटी, हे तोवर कोणी विचारलेलेही नसते.

या पुस्तकाचा विषय हा निरोप आहे. तो येण्याआधी काय करता येते, आल्यावर काय करावे, आणि त्याच्यामागे कायद्याचे बळ नेमके किती असते, एवढेच आम्ही यात मांडले आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत भाड्याने राहणारी कुटुंबे, शिकायला आलेली मुले, एकट्या राहणाऱ्या बाया, बदलीचे नोकरदार यांना डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वच्छ सांगतो. शेजाऱ्याला तुम्हाला घराबाहेर काढण्याचा कोणताही अधिकार नाही. तो तक्रार करू शकतो, पोलिसांकडे जाऊ शकतो, उपद्रवाबद्दल तुमच्यावर दिवाणी दावाही लावू शकतो. पण घर रिकामे करून मागणारा दावा तो आणू शकत नाही. तो फक्त मालक आणू शकतो, आणि मालकालाही न्यायालय किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश लागतो. शेजाऱ्याच्या रागाला धार येते ती तो राग मालकाच्या कागदांत शिरल्यावर. म्हणून शेजाऱ्याशी असलेला वाद आणि मालकाशी असलेला व्यवहार या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवणे, हे भाडेकरूचे मुख्य काम. बहुतेक माणसे नेमके उलट करतात. शेजाऱ्याचा संताप मालकावर काढतात, भाडे थांबवतात, फोन उचलत नाहीत. मग मालकाला शेजाऱ्याच्या तक्रारीची गरजच उरत नाही. थकबाकी त्याला पुरते.

आपले बळ किती, हे ठरते आपण कोणत्या कागदावर राहतो त्यावरून. इथे थोडा इतिहास सांगावाच लागतो, कारण आजच्या करारांमधली सगळी भीती त्या इतिहासातून आली आहे. मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये झाला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले. गिरगाव-परळच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत हजारो कुटुंबे या कायद्याच्या आधाराने टिकली. मालकांनी त्यातून वाट काढली : भाडेकरू ठेवायचाच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर जागा द्यायची. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेच्या ताब्यात असलेले लोक कायद्याने भाडेकरू ठरले. एका तारखेने असंख्य तात्पुरते रहिवासी कायमचे झाले. ज्यांना छप्पर मिळाले त्यांच्या दृष्टीने तो न्याय होता. मालकांच्या मनात मात्र ‘आत आलेला माणूस निघत नाही’ ही धास्ती तेव्हापासून पक्की बसली आणि ती पुढच्या पिढ्यांपर्यंत आली आहे.

गोठवलेली भाडी किती काळ चालवायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात १९९७ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले, की काळानुसार न बदलणारी प्रमाण भाड्याची तरतूद आता मनमानी ठरते. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मुंबईचा, विदर्भाचा आणि मराठवाड्याचा असे तीन जुने कायदे एकत्र केले. आज आपण याच कायद्याखाली राहतो. त्यात दोन प्रकारची माणसे आहेत : जुने, संरक्षण असलेले भाडेकरू आणि लायसन्सवर राहणारे. शेजारी दोघांनाही सारखाच त्रास देतो. कायदा मात्र दोघांना सारखा आधार देत नाही.

जुन्या भाडेकरूपासून सुरुवात करू. कलम १५ म्हणते, की भाडेकरू भाडे देत असेल, किंवा द्यायला तयार असेल आणि कराराच्या इतर अटी पाळत असेल, तर मालकाला ताबा मिळत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी बाकी वार्षिक पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावरून बेदखल करता येत नाही. ताबा मागण्याची इतर कारणे कलम १६ मध्ये आहेत आणि आपल्या विषयाचा गाभा तिथे आहे. भाडेकरू, त्याच्याबरोबर राहणारी व्यक्ती किंवा त्याचा नोकर यांच्या वागण्याने लगतच्या अथवा शेजारच्या रहिवाशांना उपद्रव किंवा त्रास होत असेल, तर मालक ताबा मागू शकतो. हे कारण नवे नाही. १९४७ च्या कायद्यातही होते.

या तरतुदीचा धाक दाखवून अनेकांना घाबरवले जाते, म्हणून तिच्याकडे बारकाईने पाहू. मालकाला आधी उपद्रव सिद्ध करावा लागतो. त्यासाठी शेजाऱ्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून काय घडले, केव्हा घडले, कितीदा घडले हे शपथेवर सांगावे लागते आणि उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. फोनवर मालकाचे कान भरणे आणि वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देणे यांत फार अंतर आहे. शिवाय उपद्रव म्हणजे नाराजी नव्हे. बाळ रडते, कुकरच्या शिट्ट्या होतात, सकाळी सहाला बादली आपटते, पाहुणे येतात. एका भिंतीपलीकडे माणसे राहतात तिथे हे होणारच. नेहमीच्या राहणीपलीकडे जाणारा, चालू राहिलेला, सामान्य माणसाला असह्य व्हावा असा त्रास न्यायालय शोधते. एखादी बाचाबाची, एखादी उशिरा संपलेली वाढदिवसाची पार्टी एवढ्यावर घर जात नाही. रोज जिन्यात शिवीगाळ, सार्वजनिक नळावर मारामाऱ्या, घरात जड यंत्रे चालवणे, सामाईक संडास मुद्दाम घाण करणे असे प्रकार सिद्ध झाले तर मात्र जाते, आणि जायलाही हवे. शेजाऱ्याला शांततेचा हक्क आहे, हे आम्ही पुस्तकभर मान्य केले आहे.

आता लायसन्सवाले. आज शहरांत नवे घर घेणारा बहुतेक प्रत्येक जण यातच येतो. इथे खोटा दिलासा देणे हा वाचकाचा घात ठरेल. मुदत संपली की मालकाला कारण सांगावे लागत नाही. कलम २४ प्रमाणे तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर बाजू मांडण्याची संधीच जाते. हे तीस दिवस बरेच लोक ‘वकील बघू, गावाहून आल्यावर बघू’ करत घालवतात. शेजाऱ्याचा त्रास किती खरा होता, आपण किती निर्दोष होतो, याला या कार्यवाहीत जवळजवळ जागा नाही. प्रश्न एकच असतो : मुदत संपली की नाही?

मुदतीच्या आत मात्र चित्र वेगळे असते. आधी आपला करार वाचा. बहुतेक छापील करारांत ‘शेजाऱ्यांना त्रास होईल असे काही करणार नाही’ असे कलम असते आणि एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवण्याची तरतूदही असते. काही करारांत ठरावीक महिने कोणालाच बाहेर पडता येत नाही, अशी ‘लॉक-इन’ अट असते. ती दोघांना बांधते की फक्त तुम्हाला, हे पाहावे. कराराबाहेर एक जुना कायदाही मदतीला येतो : १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. त्याचे कलम ६३ सांगते, की परवाना, म्हणजेच लायसन्स, रद्द झाल्यावर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. कलम ६४ म्हणते, की मोबदला देऊन घेतलेला परवाना तुमची काही चूक नसताना मालकाने मध्येच काढून घेतला, तर त्याच्याकडून भरपाई मागता येते. ‘उद्या संध्याकाळपर्यंत निघा’ म्हणणाऱ्या मालकाला या दोन कलमांचा हवाला देऊन शांत शब्दांत लिहिलेले पत्र अनेकदा पुरेसे असते. कराराच्या धाकाने गप्प बसलेल्या माणसालाही कायद्याने काहीतरी दिले आहे, हे मालकाला त्यातून कळते.

नोंदणीबद्दल दोन गैरसमज इतके खोल रुजले आहेत की इथेच बोलायला हवे. पहिला, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात हे चूक आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोंदणीकृत करारच नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल रहिवाशाचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे पाडण्याचा भार मालकावर असतो. दुसरा गैरसमज मालकांचा : अकरा महिन्यांपेक्षा जास्त ठेवले की माणूस मालकी सांगतो. लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंतही करता येतो आणि एवढ्यावरून कोणी भाडेकरू होत नाही, मालक तर नाहीच. ही भीती गेली तर दर वर्षी सामान बांधण्याचा कुटुंबांचा निम्मा त्रास जाईल, असे आम्हाला मनापासून वाटते.

जबरदस्तीबद्दल कायदा कडक आहे. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहण्याचा हक्क संपला आहे असे धरले तरी, कायद्याच्या मार्गानेच काढता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाले यांच्या १९८९ च्या निकालात सांगितले आणि त्याची री पुढे अनेक निकालांनी ओढली. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली, बेकायदा हुसकावून लावलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची, हा प्रश्न त्यात येत नाही. सहा महिने उलटले की हा सोपा मार्ग बंद. लायसन्सधारकाने मात्र इथे वकिलाचा सल्ला घ्यावाच, कारण त्याचा ताबा भाडेकरूच्या ताब्यासारखा मानला जातोच असे नाही. गोव्यातून गेलेल्या मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस यांच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की राखणदार, नोकर किंवा आपुलकीने राहू दिलेला नातेवाईक कितीही वर्षे राहिला तरी त्यातून त्याचा हक्क तयार होत नाही. नात्यातल्या माणसाच्या घरात कागदाशिवाय राहणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

शेजारी आणि मालक एक झाले, की पहिला घाला पाण्यावर आणि विजेवर पडतो. भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडायला मालकाला मनाई करते. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळे त्यात येते. मालकाने मुद्दाम बिल थकवले आणि त्यामुळे पालिकेने जोडणी तोडली, तरी ती मालकानेच तोडली असे धरले जाते. सेवा परत सुरू करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मुंबईत हे लघुवाद न्यायालयाचे काम आहे. धोबी तलावाची ती इमारत जुन्या भाडेकरूंच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेली आहे. मालकाने ‘एनओसी’ दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०२२ मध्ये म्हटले आहे.

शेजारी स्वतःच दमदाटी करत असेल तर वाट पोलीस ठाण्याची. बहुतेकांचा पहिला अनुभव निराशेचा असतो : तक्रार ‘एनसी’ म्हणून, म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंदवली जाते आणि एक चिठ्ठी हातात येते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस अशा तक्रारीचा तपास करू शकत नाहीत, हे खरे. तरीही ती चिठ्ठी टाकून देऊ नका. तारखेसह नोंदलेल्या दोन-तीन एनसी असतील, तर पोलीस शांतताभंगाच्या भीतीवरून प्रतिबंधक कारवाई, ज्याला ठाण्यात ‘चॅप्टर केस’ म्हणतात, करू शकतात आणि शेजाऱ्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जाते. उद्या मालकाने तुम्हालाच भांडखोर ठरवले, तर आधी तक्रार कोणी केली हेही त्या चिठ्ठ्या सांगतात. मारहाण, घरात घुसणे, बाईचा पाठलाग, विनयभंग यांत ‘एनसी’वर समाधान मानू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तेव्हा जुन्या दंडसंहितेची कलमे पाठ असणाऱ्यांनी नवे आकडे पाहून घ्यावेत. आवाजाचा त्रास असेल तर २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हे नियम तुम्हालाही बांधतात.

काही शत्रुत्वाला आवाज, गळती, पार्किंग ही कारणे फक्त वरवरची असतात. आडनाव कळल्यावर, स्वयंपाकघरातला वास ओळखल्यावर, दारावरचा फोटो पाहिल्यावर शेजाऱ्याची भाषा बदलते, हे आपल्या शहरांचे उघडे सत्य आहे. खासगी भाडेव्यवहारात धर्म, आहार किंवा अविवाहितपणा यांवरून होणारा भेद थेट रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, ही मोठी उणीव आहे. पण अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला कायदा एक भक्कम आधार देतो. अशा व्यक्तीला घर, गाव किंवा राहण्याची जागा सोडायला भाग पाडणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. ‘किरकोळ शेजारभांडण’ म्हणून ठाण्यात तो बाजूला सारला जातो, तेव्हा तक्रारीत घर सोडायला लावण्याचा प्रयत्न, वापरलेले जातिवाचक शब्द आणि ते ऐकणारे साक्षीदार स्पष्ट लिहिलेले असले पाहिजेत.

सोसायट्यांविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. सभासदाने फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे कळवणे आणि कराराची प्रत देणे पुरते. भाडेकरू ठेवल्याबद्दलचा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आहे. ‘बॅचलर नकोत’ असा ठराव सर्वसाधारण सभेने कितीही बहुमताने केला, तरी राहत्या माणसाला बाहेर काढण्याची ताकद त्यात नसते. खरी अडचण दुसरीकडे आहे. सभेत भाडेकरूला बोलायची जागा नाही. त्याच्या पाठीमागे तक्रार वाचली जाते, इतिवृत्तात शिरते, आणि पुढे तेच इतिवृत्त मालकापुढे पुरावा म्हणून ठेवले जाते. म्हणून सेक्रेटरीला आपले म्हणणे लेखी द्यावे, प्रतीवर पोच घ्यावी आणि मालकालाही एक प्रत पाठवावी.

फ्लॅटमधल्या वैराचे सगळ्यात नेहमीचे कारण गळती हे आहे. खालच्या घराच्या छतावर ओल येते आणि वर राहणाऱ्या भाडेकरूवर आरडाओरडा सुरू होतो. बाथरूमची फरशी उखडून दुरुस्त करणे भाडेकरूच्या हातात नसते. ते घराच्या सभासदाचे काम असते, आणि बाहेरच्या पाइपांचे किंवा गच्चीच्या गळतीचे काम सोसायटीचे. पहिल्याच दिवशी ओलीचा फोटो मालकाला पाठवून ‘दुरुस्ती करून द्यावी, मी घर उघडे ठेवतो’ असे लिहिले, की भांडण योग्य पत्त्यावर जाते. पुढे कोणी उपद्रव म्हटले तर हा निरोप दाखवता येतो.

पुराव्याचे प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांबलचक झाले आहे, ते मुद्दाम. भाडेकरू हरतो तो बहुधा खोटेपणामुळे नव्हे. त्याच्याजवळ काही लिहिलेले नसते म्हणून. प्रसंग घडला की त्याच रात्री तारीख, वेळ, कोण हजर होते आणि नेमके कोणते शब्द बोलले गेले, हे वहीत टिपावे. मालकाशी फोनवर बोलणे झाले, की लगेच ‘आपले आता असे बोलणे झाले’ असा लेखी निरोप पाठवावा. मोबाइलमधले चित्रीकरण किंवा आवाज पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि मूळ फोन जपून ठेवलेला बरा. इमारतीच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. ते जपून ठेवण्याची विनंती सेक्रेटरीला ताबडतोब लेखी करावी. भाडे बँकेतूनच द्यावे. रोख दिलेच तर पावती मागावी. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे ती देणे मालकाला बंधनकारक आहे. मालक भाडे घ्यायला नकार देतो तेव्हा सावध व्हावे, कारण पुढची नोटीस थकबाकीची असते. पैसे पाठवत राहावे, परत आले तर परत आल्याची नोंद ठेवावी. एकतर्फी मनाई हुकुमाची शंका असेल तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येते. ते नव्वद दिवस चालते आणि तोवर तुम्हाला न कळवता आदेश होत नाही.

या पुस्तकासाठी वाचन करताना एक मत अधिकाधिक पक्के होत गेले, ते इथे नोंदवतो. आपल्या कायद्याने जुन्या भाडेकरूला भिंतीआड सुरक्षित ठेवले आणि नव्याला जवळजवळ उघड्यावर. कलम १६ खाली उपद्रव सिद्ध करावा लागतो; लायसन्सवर मात्र खोट्या तक्रारीचेही तेच फळ मिळते, करार पुन्हा न करता. ज्या बाईने शेजाऱ्याच्या पाठलागाची तक्रार केली, तिचाच करार त्यानंतर वाढवला जात नाही, आणि कायद्याच्या भाषेत यात काहीच गैर घडलेले नसते. मालकाचा घरावरचा हक्क आम्हाला मान्य आहे. पण पोलिसांत किंवा पालिकेत तक्रार केल्यानंतरच्या काही महिन्यांत मालकाला निदान लेखी कारण आणि पुरेशी मुदत द्यावी लागेल, अशी तरतूद राज्याने करावी. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा पुढे ठेवला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि सूडाने काढण्याचा हा प्रश्न तोही पुरता सोडवत नाही.

पुस्तक महाराष्ट्राच्या कायद्यापुरते आहे. गोव्यातल्या वाचकांना १९६८ चा इमारत भाडे कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा पाहावा लागेल. वकिलाची जागा आम्ही घेत नाही. पण वकील परवडत नाही म्हणून कोणी हक्क सोडू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज चालतो.

ज्यांच्यावर नोटीस आधीच बजावली गेली आहे त्यांनी मुदतीचे प्रकरण आधी वाचावे, बाकी नंतर. आणि ज्यांनी जायचेच ठरवले आहे, कारण मुलांची परीक्षा आहे, घरात म्हातारे माणूस आहे, रोजच्या धुसफुशीत राहवत नाही, त्यांच्यासाठी शेवटचे प्रकरण आहे. जाणे म्हणजे हरणे, असे आम्ही कुठेही म्हटलेले नाही. जाताना मात्र तारीख लेखी ठरवावी, विजेचे बिल त्या दिवसापर्यंत भरावे, रिकाम्या खोल्यांचे, नळांचे, भिंतींचे फोटो काढावेत, ताबा दिल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचे पाहूनच किल्ली मालकाच्या हातात द्यावी.